मध्यमवयात समाधान शोधताना



पत्रिकेत आजच्या व्याख्यानाचं नाव 'मध्यमवयातील आत्मसमाधानाचा शोध' असं छापलं आहे. नाव भारदस्त आहे. आमच्या गटात मात्र आम्ही याला साधं 'आता काय?' म्हणतो. दर रविवारी आमच्याकडे येणारा माणूस बहुतेक वेळा हाच प्रश्न घेऊन येतो. मुलगी इंजिनिअरिंगला गेली, घराचे हप्ते फिटत आले, ऑफिसात हवी ती खुर्ची मिळाली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली. आणि मग एक दिवस दाढी करताना, नाहीतर सकाळी डबा भरताना मनात येतं, हे सगळं झालं, आता काय?

आम्ही म्हणजे कोण, तेही आधी सांगायला हवं. आम्ही सात-आठ जण आहोत. त्यात शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, एक परिचारिका आहेत, एक समुपदेशक आहेत. गेली सहा वर्षं आम्ही चाळीस ते साठ वयाच्या लोकांची बैठक भरवतो. आम्ही कुणी बुवा नाही आणि तज्ज्ञही नाही. ऐकतो, वाचतो, आपसात भांडतो. त्यातून जे हाती लागलं ते आज आपल्यापुढे ठेवणार आहोत. त्यात आमची एक चूकही आहे, तीही सांगू.

हा प्रश्न आला कुठून?

इंग्रजीतला 'मिडलाइफ क्रायसिस' हा शब्द आता आपल्याकडे घरोघरी पोचला आहे. कुणी पन्नाशीत बुलेट घेतली की मुलंच म्हणतात, बाबांना मिडलाइफ क्रायसिस झालाय. हा शब्द रूढ केला एलियट जॅक्स या कॅनडात जन्मलेल्या मनोविश्लेषकाने, १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात. त्याने कलावंतांची चरित्रं तपासली होती. पस्तिशीच्या आसपास अनेकांच्या कामात काहीतरी मोठा बदल होतो, असं त्याला दिसलं. त्याने दिलेलं कारण साधं आणि जरा कठोर आहे. तोवर मरण ही आपल्या दृष्टीने दुसऱ्याची गोष्ट असते. या वयात ती पहिल्यांदा स्वतःची होते. चढ संपून उतार दिसायला लागावा, तसं. गंमत म्हणजे निबंध लिहिताना जॅक्स स्वतः पन्नाशीच्या आतला होता. पुढे तो २००३ पर्यंत जगला आणि त्याचं बरंचसं काम त्यानंतरचंच आहे.

त्याच्या आधी कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने आयुष्याची तुलना सूर्याच्या प्रवासाशी केली होती. सकाळची कामं वेगळी, दुपारनंतरची वेगळी. शिकणं, नोकरी, घर, नाव ही सकाळची कामं. दुपार झाल्यावरही तीच यादी पुढे ओढत राहिलं की माणूस आतून कोरडा पडतो, असं त्याचं म्हणणं. हे त्याने केवळ पुस्तकातून सांगितलं नव्हतं. १९१३ मध्ये फ्रॉइडशी त्याचं नातं तुटलं तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता, आणि पुढची काही वर्षं तो स्वतःच्याच मनाच्या अंधारात चाचपडत होता.

तिसरं नाव एरिक एरिकसनचं. १९५० मध्ये त्याने माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यातला सातवा आपला, म्हणजे मध्यमवयाचा. या टप्प्यावर एका बाजूला असते 'जनरेटिव्हिटी', म्हणजे आपल्यानंतर येणाऱ्यांसाठी काही जोपासण्याची ओढ. दुसऱ्या बाजूला असतं साचलेपण. ही ओढ फक्त पोटच्या मुलांपुरती नसते. एखादं झाड, एखादी संस्था, एखादी कला, हाताखालचा नवा कर्मचारी, काहीही. आमच्या अनुभवात या तिघांमध्ये सगळ्यांत कामाचा हाच निघाला. का, ते पुढे येईल.

आता एक सावधगिरी. 'क्रायसिस' हा शब्द फार मोठा आहे. अमेरिकेत नव्वदच्या दशकापासून मध्यमवयीन लोकांचा मोठा अभ्यास झाला. त्यात असं संकट आपल्यावर आलं होतं, असं सांगणारे सुमारे एक चतुर्थांश निघाले. त्यातल्याही अनेकांच्या संकटाचं कारण वय नव्हतं. घटस्फोट, नोकरी जाणं, जवळच्याचा मृत्यू, आजारपण अशा घटना होत्या. दुसरीकडे ब्लँचफ्लॉवर आणि ऑस्वल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये अनेक देशांच्या आकडेवारीवरून दाखवलं, की समाधानाचा आलेख तरुणपणी वर असतो, चाळिशीच्या उत्तरार्धाकडे खाली येतो आणि नंतर पुन्हा चढतो. यावर वाद आहेत आणि ही सरासरी आहे, तुमची-आमची कुंडली नव्हे. पण एवढा धीर घ्यायला हरकत नाही की ही अवस्था दुर्मीळ नाही, आणि ती कायमचीही नसते.

आपल्याकडे काय होतं?

कुणीतरी लगेच म्हणेल, आपल्याकडे हे सगळं आधीच सांगून ठेवलंय. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास. खरं आहे. केस पिकले, अंगाला सुरकुत्या पडल्या, नातवंडाचं तोंड पाहिलं की घराची सूत्रं पुढच्याकडे द्यावीत, असं स्मृतिकार सांगतात. म्हणजे आयुष्याला मध्येच वळण असतं, हे आपल्या परंपरेला ठाऊक होतं. पण दोन गोष्टी विसरू नयेत.

पहिली, ही व्यवस्था सगळ्यांसाठी नव्हती. शूद्रांना ती नव्हती. आणि बाईने नवऱ्यामागे वनात जावं किंवा मुलांकडे राहावं, एवढाच तिचा वानप्रस्थ. तिला स्वतःला काय हवं, हे कुणी विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट आकड्यांची. १९५१ च्या सुमाराला भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. याचा अर्थ सगळे बत्तिसाव्या वर्षी जात होते असा नाही. बालमृत्यू फार होते, त्यामुळे सरासरी खाली यायची. पण पन्नाशी-साठीनंतरची धडधाकट वीस वर्षं बहुतेकांच्या वाट्याला येत नव्हती, हे खरंच. आज सरासरी सत्तरच्या घरात आहे. आपले आजी-आजोबा पन्नाशीत 'आता काय राहिलं आमचं' म्हणायचे, तेव्हा ते त्यांच्या परीने बरोबर होते. आपण तेच वाक्य म्हणतो, तेव्हा हिशेब चुकतो. आपलं बरंच राहिलेलं असतं. हा उरलेला काळ कसा घालवायचा, याचा नमुना घरात पाहायला मिळालेला नाही. आपली पंचाईत आहे ती ही.

चार माणसं

नमुना घरात नसला तरी महाराष्ट्रात आहे. आम्ही बैठकीत चार माणसांविषयी पुन्हा पुन्हा बोलतो.

रमाबाई रानडे. १९०१ मध्ये न्यायमूर्ती रानडे गेले, तेव्हा रमाबाई चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या, नवऱ्याने शिकवलेल्या, त्यापायी घरातल्या बायकांचे टोमणे सोसलेल्या. त्या काळी विधवेचं पुढचं आयुष्य काय असायचं, ते आपण जाणतो. रमाबाईही सुरुवातीला वर्षभर घराबाहेर जवळजवळ पडल्या नाहीत. नंतर हळूहळू बाहेर आल्या. तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन उभं राहिलं. तिथे बायका शिकल्या, परिचारिका झाल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. आम्हाला यातलं ते घरात बसलेलं वर्ष महत्त्वाचं वाटतं. दुःख झाल्यावर दुसऱ्या दिवशी 'सकारात्मक' होण्याची घाई त्यांनी केली नाही.

दुसरे महर्षी कर्वे. गणिताचे प्राध्यापक. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला तेव्हा अडतीस वर्षांचे, महिला विद्यापीठ काढलं तेव्हा अठ्ठावन्न. ज्या वयात आज लोक निवृत्तीच्या समारंभाची शाल कुठली घ्यायची याची चर्चा करतात, त्या वयात हा माणूस विद्यापीठ काढतो. सत्तरी ओलांडल्यावर त्यासाठी निधी जमवायला परदेशाच्या दौऱ्यावर निघतो. त्यापुढे एकशे चार वर्षं जगले, ते वेगळंच. पण अण्णांचं चरित्र वाचणाऱ्याने त्यांच्या पत्नी बायांचं 'माझे पुराण' सुद्धा वाचावं. एका माणसाच्या ध्येयाचं घर आतून कसं चालतं आणि त्याची किंमत कोण भरतं, ते तिथे दिसतं.

तिसऱ्या ताराबाई मोडक. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलेल्या, नाव मिळवलेल्या. १९४५ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीसारख्या खेड्यात गेल्या. पुढे पासष्टीच्या सुमाराला अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा मुलांच्या अंगणात न्यायची. मुलं गुरं राखायला जातात ना, मग शाळा कुरणावर न्यायची. अंगणवाडी आणि कुरणशाळा यांच्यामागची ही साधी गोष्ट आहे. ताराबाईंनी विषय बदलला नाही, हे लक्षात घ्या. बालशिक्षण तेच. ते कुणासाठी करायचं, एवढंच बदललं. नवं आयुष्य म्हणजे नवा धंदा, असं काही नाही.

चौथे डॉ. श्रीराम लागू. कान-नाक-घशाचे शल्यविशारद. १९६९ मध्ये, बेचाळिशीच्या आसपास, व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आले. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट'. ही गोष्ट सगळ्यांना आवडते आणि सगळे ती अर्धीच सांगतात. डॉक्टरसाहेब एका सकाळी उठून नट झाले नव्हते. पुण्यात हौशी नाटकं ते पन्नासच्या दशकापासून करत होते. म्हणजे उडी मारण्याआधी पंधरा-वीस वर्षं पोहण्याचा सराव होता.

आमची चूक

ही अर्धी गोष्ट सांगण्याची चूक आम्हीही केली. त्या दोघांना विचारून हे सांगत आहोत.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे एक गृहस्थ यायचे. वय सेहेचाळीस, एका खासगी कंपनीत हिशेबनीस. काम चोख, पण त्यात जीव नाही. लहानपण शेतात गेलेलं, मातीची ओढ. एका रविवारी त्यांनी जाहीर केलं, राजीनामा दिला, दोन एकर घेतली. आम्ही टाळ्या वाजवल्या. एकाने तर डॉ. लागूंचं उदाहरणही दिलं. कर्ज किती, विहिरीला पाणी किती, घरी काय म्हणतात, यातलं आम्ही एकानेही विचारलं नाही.

दीड वर्षाने त्यांच्या पत्नी बैठकीला आल्या. एकट्या. दुसऱ्या मुलाच्या वेळी त्यांनी गाण्याचा क्लास सोडला होता, तो पुन्हा सुरू करायचं राहूनच गेलं होतं. आता घर त्यांच्या पगारावर चाललं होतं. त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी मिळून यांचं समाधान शोधलंत. माझं कुणी शोधायचं?"

त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. उत्तर नव्हतंच आमच्याकडे.

आज काय स्थिती आहे? सव्वा एकर विकून कर्ज फेडलं. पाऊण एकर आहे, त्यात नफा नाही, पण ते गृहस्थ सकाळी तिथे जातात. दुपारी दोन दुकानांचे हिशेब लिहितात. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ताई गाण्याला जातात, त्या दिवशी स्वयंपाक ते करतात. सगळं छान झालं, असं आम्ही म्हणणार नाही. मुलाचं एक वर्ष त्या ओढाताणीत गेलं, ते परत येणार नाही. पण तेव्हापासून आमच्या बैठकीत टाळ्या बंद झाल्या आणि प्रश्न सुरू झाले.

मग करायचं काय?

आता आम्ही नव्या माणसाला काय सांगतो, ते थोडक्यात.

आधी पाहायचं, हा प्रश्न आहे की आजार. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडली, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर तो 'शोध' नाही. तिथे डॉक्टरच हवा. थायरॉइडचा त्रास असतो, बायकांच्या बाबतीत पाळी जाण्याचा काळ असतो, त्यानेही मन खाली जातं. रक्त तपासून घ्यायला लाज कसली? सरकारची 'टेली-मानस' ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत.

ते नसेल तर वही घ्यायची. महिनाभर रोज रात्री दोनच ओळी लिहायच्या. आज काय करताना घड्याळाकडे लक्ष गेलं नाही? आणि आज कशाचा हेवा वाटला? हेवा वाईट म्हणतात, पण तो फार खरं बोलतो. शेजाऱ्याच्या गाडीचा हेवा वाटत नाही आणि भावाच्या तबल्याचा वाटतो, तर उत्तर तिथेच कुठेतरी आहे.

मग लहान प्रयोग. तीन महिने, आठवड्याचा एक ठरलेला दिवस. शेती करायची ना? आधी कुणाच्या तरी शेतावर बारा रविवार राबून या, त्यातले दोन-चार भर उन्हातले असू द्या. शिकवायचंय? वस्तीतल्या चार मुलांना घेऊन बसा. बारा आठवड्यांनीही पाय तिकडे वळत असतील, तर पुढचा विचार. नसतील, तर काही बिघडलं नाही, हौस फिटली.

त्यानंतर हिशेब. निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला, आजारपणाचा विमा, आई-वडिलांची जबाबदारी, मुलांची फी. हे लिहून काढल्याशिवाय राजीनाम्याचं नाव काढायचं नाही. आणि घरात बोलायचं, तेही निर्णय सांगायला नव्हे. आपलं सांगण्याआधी समोरच्याला विचारायचं, तुझं काय राहिलंय? हा प्रश्न आम्हाला त्या ताईंनी शिकवला.

शेवटचं, एरिकसनचं. जे कराल त्यात दुसऱ्या कुणाला तरी जागा ठेवा. आमच्या सहा वर्षांतलं निरीक्षण असं, की नुसतं स्वतःसाठी घेतलेलं काही, मग ती बुलेट असो की बासरी, साधारण वर्षभर पुरतं. त्यात कुणी शिकणारं, ऐकणारं, वाट पाहणारं आलं की ते टिकतं.

दोन प्रश्न

*एका श्रोत्याने विचारलं: हे सगळे पोट भरलेल्यांचे चोचले नाहीत का?*

आम्हालाही तसंच वाटायचं. आमच्या वाचनालयाच्या जवळ राहणाऱ्या एक ताई चार घरी स्वयंपाकाची कामं करतात. त्यांना आम्ही बैठकीला बोलावलं. त्या हसल्या, "आता काय, असं वाटायला वेळ कुठाय मला? आता काय, तर भाकऱ्या." तीन-चार रविवारी नुसत्या येऊन बसल्या. मग एकदा जाताना म्हणाल्या, हरिपाठ सगळा पाठ आहे, इतकी वर्षं वारीत म्हणते, पण पोथी उघडली की अक्षर कळत नाही. ते वाचता आलं पाहिजे. आमच्यातल्या शिक्षिकेने शिकवायला घेतलं. वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांनी स्वतःच्या बोटाने ओळ धरून हरिपाठ वाचला. तेव्हा हा चोचला नाही. वेळ आणि पैसा सगळ्यांकडे सारखा नसतो, हे मात्र खरं, आणि म्हणून 'सगळं सोडून द्या' हा सल्ला आम्ही कुणालाच देत नाही.

*दुसरा प्रश्न: शोधूनही काहीच सापडलं नाही तर?*

तसंही होतं. आमच्यातलेच एक जण सहा वर्षं शोधताहेत. चित्रकला झाली, ट्रेकिंग झालं, मोडी लिपीही झाली. कशात मन रमलं नाही. पण बैठकीच्या आधी सतरंज्या तेच घालतात, नव्याने येणाऱ्याला जिन्यापर्यंत आणायला तेच जातात, आणि एखादा दोन रविवार आला नाही तर फोनही तेच करतात. परवा आम्ही त्यांना म्हटलं, तुम्हाला अजून काही सापडलं नाही म्हणता, पण तुम्ही आला नाहीत तर ही बैठक भरणार नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "हे धरायचं असतं का त्यात?"

आम्हाला वाटतं, धरायचं असतं.